प्रेअरीवरची आजी आणि तिची सावड

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताचा दक्षिण भाग म्हणजे मैलोन्‌मैल सपाट गवताळ माळ. त्याला प्रेअरी म्हणतात. १९५० च्या सुमारास या माळावरच्या बहुतेक प्रत्येक लहान गावात एक आजी सापडे. चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीचे सामान कुठे ठेवले आहे ते तिलाच ठाऊक असे. कुणाच्या घरी मूल कधी जन्मले, कुणाचा मुलगा युद्धावरून परतला नाही, कुणाची विहीर कोणत्या साली आटली हे तिला तोंडपाठ असे. इंग्रज घरांत ती ग्रँडमा, जर्मन घरांत ओमा आणि युक्रेनियन घरांत बाबा. मराठी कानाला हा शेवटचा शब्द वडिलांचा वाटतो, पण युक्रेनियन भाषेत बाबा म्हणजे आजी. तिथले मूळ रहिवासी असलेल्या क्री लोकांच्या घरी तिला कोकुम म्हणत. या आज्यांची पिढी एकाच कालखंडातून आली. साधारण १९०० ते १९१४ या वर्षांत त्या नवऱ्यामागून किंवा आईबापांबरोबर माळावर उतरल्या. कोकुम मात्र तिथलीच होती.

सस्कॅचवान प्रांत १ सप्टेंबर १९०५ रोजी अस्तित्वात आला. १९०१ च्या शिरगणतीत या मुलखात ९१,२७९ माणसे होती, १९११ मध्ये ती ४,९२,४३२ झाली. दहा वर्षांत लोकसंख्या पाचपटीहून अधिक झाली; माणसे आली ती जमिनीसाठी. १८७२ च्या जमीन कायद्याने १० डॉलर नोंदणी शुल्कात १६० एकरांचा तुकडा मिळे. तीन वर्षांत त्यावर राहून दाखवायचे, ठरावीक जमीन नांगराखाली आणायची आणि घर उभे करायचे, म्हणजे मालकी पक्की. हा हक्क पुरुषाला होता. स्त्रीला तो कुटुंबाची एकटी कर्ती असली तरच, म्हणजे बहुधा मुलेबाळे असलेल्या विधवेला मिळे. सीमेपलीकडे अमेरिकेत अविवाहित बाईही सरकारी जमीन मागू शकत होती, कॅनडात नाही. जॉर्जिना बिनी-क्लार्क या इंग्रज लेखिकेने १९०५ मध्ये कापेल खोऱ्यात पदरचे पैसे घालून शेत विकत घेतले आणि आपला गव्हाचा अनुभव १९१४ मध्ये ‘व्हीट अँड वूमन’ या पुस्तकात मांडला. स्त्रियांनाही जमीन द्या, अशा मागणीच्या अर्जावर त्या काळात सुमारे ११,००० सह्या जमल्या. ओटावातल्या केंद्र सरकारने तो अर्ज मानला नाही. ज्या शेतावर आजीने आयुष्य काढले त्याच्या कागदावर तिचे नाव नव्हते, ही गोष्ट पुढचे सगळे समजून घेताना विसरता येत नाही.

दुसरीही एक गोष्ट विसरता येत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. सरकारशी १८७४ चा चौथा आणि १८७६ चा सहावा करार झाल्यावर क्री, सोलतो, असिनिबोइन या लोकांना राखीव तुकड्यांवर बसवण्यात आले. १८८५ च्या मेती आणि क्री लोकांच्या उठावानंतर तर राखीव जमिनीबाहेर पडायला सरकारी माणसाची चिठ्ठी लागू लागली. नव्याने आलेल्या बायकांची पहिली बाळंतपणे अनेक ठिकाणी क्री आणि मेती (मूळ रहिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) सुइणींनी केली, त्यांना रानातली औषधे आणि सस्कॅटून नावाची जांभळी बोरे ओळखायला शिकवले. त्याच सुइणींची नातवंडे मात्र निवासी शाळांत नेली गेली, तिथे त्यांची भाषा बोलायला बंदी होती. अशा सरकारी शाळांपैकी शेवटची १९९६ मध्ये बंद झाली, आणि ती सस्कॅचवानमध्येच होती. माळावरच्या एका आजीच्या मांडीवर नातवंडे खेळली आणि दुसरीच्या मांडीवरून ती उचलून नेली गेली. प्रेअरीच्या आठवणींत या दोघी एकाच पानावर याव्या लागतात.

नव्या घराची सुरुवात बहुधा मातीच्या ढेपळ्यांनी होई. लाकूड दुर्मीळ आणि महाग. म्हणून गवतासकट जमिनीच्या पट्ट्या नांगराने कापायच्या, विटांसारख्या एकावर एक रचायच्या आणि वर फांद्या व गवताचे छप्पर टाकायचे. भिंती जाड असल्यामुळे हिवाळ्यात ऊब राही, उन्हाळ्यात गारवा. पाऊस आला की मात्र छप्पर गळे, आणि बाहेरचा पाऊस थांबल्यावरही आत बराच वेळ गळतच राही. थंडी उणे ४० अंशांवर जाई. शेजारचे घर मैलभर, कधी तीन-चार मैल दूर. माळावर वारा थांबत नाही, आणि दिवसभर त्या वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नाही, हे एकटेपण या स्त्रियांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. 

शेतीचा पैसा वर्षातून एकदा, गहू विकल्यावर येई. मधले अकरा महिने घर चाले ते कोंबड्या, दोन-तीन गाई आणि भाजीचा वाफा यांवर. अंडी आणि लोणी दुकानात नेऊन द्यायचे आणि त्या जमेवर साखर, चहा, रॉकेल, कापड आणायचे. हा व्यवहार बाईचा असे. उन्हाळ्याच्या शेवटी बोरे, मटार, बीट, कोंबडीचे मांससुद्धा काचेच्या बरण्यांत उकळून बंद करायचे, शेकड्यांनी बरण्या तळघरात रचायच्या, कारण पुढचे सहा महिने जमीन काही देणार नसे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला सावड आणि इर्जिक हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या शेतावर, ही रीत प्रेअरीलाही ठाऊक होती. मळणीच्या दिवसांत वाफेच्या इंजिनावर चालणारे यंत्र एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाई आणि त्याच्याबरोबर पंधरा-वीस गडी असत. पहाटेच्या न्याहारीपासून रात्रीपर्यंत त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला घालायचे काम त्या शेतावरच्या बाईचे, आणि तिच्या मदतीला शेजारच्या बाया येत. गोठा उभारणे, घर उभारणे याच रीतीने होई. गोधडी शिवण्याचेही तसेच: लाकडी चौकट ताणायची आणि भोवती आठ-दहा जणींनी बसायचे. या बैठकीत हात गोधडीवर असत आणि बोलणे गावाचे चाले. शाळेला मास्तरीण मिळत नाही, कुणाचे मूल घटसर्पाने गेले, कुणाचा नवरा पितो आणि बैल विकायला निघाला आहे, हे सगळे तिथे बोलले जाई. पुढे ज्याला सार्वजनिक कार्य म्हटले गेले त्याचा पहिला मसुदा या चौकटीभोवती तयार झाला, असे म्हणण्याला भरपूर आधार आहे.

सर्वांत मोठा प्रश्न बाळंतपणाचा होता. डॉक्टर तीस-चाळीस मैलांवर, रस्ता नाही, हिवाळ्यात बर्फात घोडे अडकलेले. बाळंतीण शेजारणीच्या हाती असे, आणि शेजारीण पोचलीच नाही तर नवऱ्याच्या. अशा परिस्थितीत व्हायलेट मॅकनॉटन हे नाव पुढे आले. तिचा जन्म १८७९ मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला. १९०९ मध्ये ती वडील आणि भावाच्या शेतावर, सस्कॅटून शहराच्या नैर्ऋत्येस हॅरिसजवळ, आली. १९१० मध्ये तिने शेजारच्या जॉन मॅकनॉटन या शेतकऱ्याशी लग्न केले. पुढच्याच वर्षी ती गंभीर आजारी पडली आणि शस्त्रक्रियेनंतर तिला मूल होणे अशक्य झाले. ती जेमतेम पाच फूट उंचीची होती, पण तिच्या कामाची उंची मोठी. धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना प्रांतात आधीच होती. १९१३-१४ मध्ये त्या संघटनेची स्त्रियांची शाखा उभी राहिली आणि व्हायलेट तिची पहिली अध्यक्ष झाली. या स्त्रियांनी सभासदांकडून माहिती गोळा केली, सभा घेतल्या आणि एक साधी, ठाम मागणी लावून धरली: आवाक्यातल्या खर्चात डॉक्टर, नर्स आणि दवाखाना.

त्याच सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण पालिकेला एक प्रश्न पडला होता. गावातला एकमेव डॉक्टर उत्पन्न पुरत नाही म्हणून निघून जायच्या बेतात होता. पालिकेने त्याला करातून ठरावीक रक्कम द्यायचे ठरवले आणि तो राहिला. १९१६ मध्ये प्रांताच्या विधिमंडळाने कायदे करून ही वाट सर्वांना मोकळी केली. ग्रामीण पालिकांनी करातून डॉक्टर नेमावा आणि शेजारशेजारच्या पालिकांनी मिळून दवाखाना बांधावा, अशी त्यांत सोय होती. अशा दवाखान्यांना युनियन हॉस्पिटल म्हणत. एका गावाला न पेलणारे ओझे चार गावांनी वाटून घ्यायचे, ही पुन्हा सावडच. फरक एवढाच की आता ती कायद्यात लिहिली गेली. जिला स्वतःचे मूल झाले नाही तिच्या खटपटीमुळे अनेक आयांना बाळंतपणात डॉक्टर आणि दवाखाना मिळाला. प्रेअरीवरच्या आजीपणाचा हिशेब फक्त रक्ताने मांडला तर व्हायलेट त्यातून गळते, म्हणून तो हिशेबच अपुरा ठरतो.

शेतकरी स्त्रियांची दुसरी मोठी संघटना होममेकर्स क्लबांची. तिचे मूळ ओंटारिओत होते. ॲडलेड हूडलेस हिचे तान्हे मूल १८८९ मध्ये दगावले, दूषित दुधामुळे ते गेले असे मानले जाते. त्या दुःखातून तिने घरकामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण हाती घेतले आणि १८९७ मध्ये स्टोनी क्रीक येथे पहिले विमेन्स इन्स्टिट्यूट स्थापन झाले. सस्कॅचवानमध्ये नव्या विद्यापीठाने ही कल्पना उचलली आणि १९११ पासून गावोगावी क्लब निघाले. विद्यापीठाच्या बाया बैठकांना येऊन शिवण, आहार, बालसंगोपन, प्रथमोपचार शिकवत. पण या क्लबांचे बरेचसे काम अभ्यासक्रमाबाहेरचे होते, आणि त्यातले एक काम आवर्जून सांगण्यासारखे आहे. शेतकरी कुटुंब घोडागाडीने बाजाराच्या गावी आले की पुरुष धान्याच्या कोठारावर, लोहाराकडे किंवा दारूच्या गुत्त्यावर जाई. बाईने तान्हे मूल घेऊन चार-पाच तास कुठे थांबायचे, मूल कुठे पाजायचे, शौचाला कुठे जायचे, याचे उत्तर गावाकडे नव्हते. थंडीत ती गाडीतच बसून राही. क्लबांनी गावपालिकेला गाठून एखादी खोली मिळवली, शेगडी, खुर्च्या, पाळणा, चहाची किटली ठेवली आणि तिला विश्रांतिगृह म्हटले. पुढे त्याच खोलीत पुस्तकांचे कपाट आले, बाळांचे वजन घेणारी नर्स आली, दफनभूमीच्या कुंपणासाठी वर्गणी जमवणारी सभा तिथेच भरू लागली. शेतावरून गावात आलेल्या बाईला हक्काने बसता येईल अशी ही पहिली सार्वजनिक जागा होती. गावाच्या इतिहासात रेल्वे स्टेशन आणि धान्याचे उंच लाकडी कोठार यांना जेवढी जागा मिळते तेवढी या खोलीला मिळायला हवी.

मताधिकाराची चळवळही याच संघटनांच्या बळावर चालली. सह्यांचे कागद घोडागाडीतून घरोघर फिरले. १४ मार्च १९१६ रोजी सस्कॅचवानने स्त्रियांना मत दिले, मॅनिटोबाने त्याआधी जानेवारीत आणि अल्बर्टाने नंतर एप्रिलमध्ये. १९१९ मध्ये सारा रॅम्सलंड ही सस्कॅचवान विधिमंडळातली पहिली स्त्री सदस्य झाली. कोकुमला मात्र मतासाठी १९६० पर्यंत थांबावे लागले.

टेलिफोनची कथा थोडक्यात सांगता येते. शेतकऱ्यांनी शेकडो लहान कंपन्या काढून स्वतःच तारा ओढल्या. एका तारेवर दहा-पंधरा घरे असत, प्रत्येकाची घंटीची खूण वेगळी. एक लांबलचक घंटी म्हणजे सर्वांनी उचलायचे: आग, हरवलेले मूल, वादळ. एकटेपणावर एवढा परिणाम करणारे दुसरे यंत्र या माळावर आले नाही.

मग १९२९ नंतरची दहा वर्षे आली. गव्हाचा भाव, जो १९२९ मध्ये बुशेलला डॉलरच्या वर होता, तो १९३२ च्या अखेरीस ४० सेंटांच्याही खाली गेला. पाऊस गेला, माती उडू लागली. दिवसा दिवे लावावे लागत, जेवणाचे ताट धूळ बसू नये म्हणून पालथे ठेवावे लागे, खिडकीच्या फटींत ओले फडके कोंबावे लागे. ५ जुलै १९३७ रोजी मिडेल आणि यलो ग्रास या गावांत पारा ४५ अंशांवर गेला. त्या वर्षी गहू एकरी सरासरी तीन बुशेलसुद्धा झाला नाही. गुरांना काटेरी रशियन थिसल कापून घातले गेले. पिठाच्या पोत्यांचे कापड धुऊन त्यावरचा छाप घालवायचा आणि त्याचे झगे, परकर, उशांचे अभ्रे शिवायचे, ही कला प्रत्येक घरात होती. पूर्वेकडच्या प्रांतांतून मदतीच्या आगगाड्या आल्या, त्यांत सफरचंदे होती, भाज्या होत्या, कपडे होते आणि खारवलेला कॉड मासाही होता. समुद्र न पाहिलेल्या बायांना त्या कडक माशाचे काय करायचे ते कळेना. कधी तो भिजवायचा असतो हे कुणीतरी टेलिफोनवरून सांगे, मग ते तारेवरच्या सगळ्यांनाच कळे.

या दिवसांत ‘वेस्टर्न प्रोड्यूसर’ या शेतकरी साप्ताहिकाची स्त्रियांची पाने फार मोलाची ठरली. ती व्हायलेट मॅकनॉटन १९२५ पासून १९५० पर्यंत सांभाळत होती. वाचकांची पत्रे हा त्या पानांचा प्राण. पोत्याचा छाप कसा काढावा इथपासून निःशस्त्रीकरण आणि सहकारापर्यंत सगळे तिथे शेजारी शेजारी छापले जाई. स्वयंपाकघरातला प्रश्न लहान आणि जगाचा प्रश्न मोठा, अशी उतरंड या संपादिकेने मानली नाही. त्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारी बाई एकच होती, आणि ते तिला नेमके ठाऊक होते.

दोन्ही महायुद्धांत याच हातांनी रेडक्रॉससाठी मोजे विणले आणि गोधड्या शिवल्या. पैसे उभे करण्याची त्यांची एक रीत होती. नाण्या-दोन नाण्यांची वर्गणी घ्यायची आणि देणाऱ्याचे नाव गोधडीवर दोऱ्याने भरायचे. पूर्ण झालेल्या गोधडीची सोडत निघे. हिवाळ्याच्या तोंडावर होणारी चर्चची किंवा सभागृहाची जेवणावळ याच जातीची. प्रत्येक घराने काहीतरी आणायचे, कुणी टर्की, कुणी बटाटे, कुणी भोपळ्याची पाई. जेवणाऱ्याने ठरावीक पैसे द्यायचे आणि जमलेल्या पैशातून छप्पर, पियानो किंवा बर्फावर घसरण्याच्या रिंगणाचे दिवे. गावाचे अंदाजपत्रक अनेक वर्षे या पंगतीवर तोलले गेले.

आजीचे म्हातारपण सुखाचे झाले त्याला काही कायदे कारण झाले. १९२७ चे वृद्धांचे निवृत्तिवेतन सत्तरीनंतर महिना २० डॉलरपर्यंत मिळे, तेही गरिबी सिद्ध केली तर. जानेवारी १९५२ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना महिना ४० डॉलर चौकशीविना मिळू लागले. अनेक शेतकरी स्त्रियांच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने दर महिन्याला येणारा हा पहिला पैसा होता. त्यातून नातवंडांसाठी लोकर आणि मिशनच्या डब्यात नाणे, दोन्ही निघे. १९४९ च्या कायद्यानंतर शेतांवर वीज पोचू लागली, म्हणजे ज्या बाईने चाळीस वर्षे कपडे घासले तिला साठीत यंत्र मिळाले.

आरोग्याची गोष्ट याच काळात पूर्णत्वाला गेली. १९४४ मध्ये प्रांतात टॉमी डग्लस यांचे सरकार आले. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतात सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू झाला, वर्गणी माणशी ५ डॉलर. १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या सेवेचाही त्यात समावेश झाला तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. या वादात स्त्रिया दोन्ही बाजूंना होत्या. डॉक्टर निघून जाईल या भीतीने समित्या स्थापन करणाऱ्या आया होत्या, आणि सहकारी दवाखान्यांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्याही. दोघींच्या मनात भीती एकच, तीच जुनी: रात्री मूल आजारी पडले तर कोण येईल? २३ जुलैला तडजोड झाली, योजना टिकली, आणि पुढे साऱ्या देशाने ती स्वीकारली. या योजनेचे श्रेय डग्लस यांना दिले जाते आणि ते रास्तच आहे. पण करातून डॉक्टर पोसायची सवय प्रांताला १९१६ पासून होती, आणि ती सवय लावणाऱ्यांत शेतकरी बायका पुढे होत्या.

कायद्याने मात्र या कामाची किंमत बराच काळ ओळखली नाही. अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉक या शेतकरी स्त्रीने नवऱ्यापासून विभक्त होताना शेतात वाटा मागितला. गवत कापणे, घोडे शिकवणे, गुरे हाकणे, नवरा महिनोन्‌महिने बाहेर असताना सगळे एकटीने पाहणे, हे तिने न्यायालयात सांगितले. १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तिचा दावा फेटाळला, कारण कोणतीही शेतकऱ्याची बायको एवढे करतेच, असे खालच्या न्यायालयाचे मत त्याने उचलून धरले. न्यायमूर्ती लास्किन यांनी विरोधी निकाल दिला. प्रेअरीवरच्या स्त्रियांना हा निकाल अंगावर आलेल्या चाबकासारखा लागला. संघटना पुन्हा हलल्या, आणि सस्कॅचवानमध्ये १९८० पासून वैवाहिक मालमत्तेची समान वाटणी हा मूळ नियम ठरला. पहिल्या पिढीतल्या बहुतेक आज्या तोवर गेल्या होत्या. व्हायलेट मॅकनॉटन १९६८ मध्ये वारली.

त्याच १९८० मध्ये प्रांताचा पंचाहत्तरीचा उत्सव झाला आणि गावोगावी स्थानिक इतिहासाचे जाडजूड ग्रंथ निघाले. त्यांचे संपादन बहुतांशी गावातल्या म्हाताऱ्या स्त्रियांनी केले. घरोघरी पत्रे पाठवली, फोटो मागवले, नांगरलेल्या पहिल्या शेताचे साल ठरवले. एका मागून एक रेल्वेचे फाटे उखडले जात असताना, शाळा आणि दुकाने बंद होत असताना हे काम झाले. १९९३ मध्ये प्रांत सरकारने खर्च आवरण्यासाठी ५२ ग्रामीण रुग्णालयांतल्या खाटा बंद केल्या किंवा त्यांचे रूप बदलले. १९१६ नंतर चार-चार गावांनी सावडीने उभारलेल्या वास्तूंचे वारस त्यांत होते, आणि त्या बंद होताना पाहणाऱ्यांत त्या वास्तूंत जन्मलेल्या आज्याही होत्या.

या पिढीच्या मंडळांचे जुने इतिवृत्त चाळले तर स्त्रियांची नावे नवऱ्याच्या नावाने लिहिलेली आढळतात: मिसेस जॉन अमुक, मिसेस विल्यम तमुक. स्वतःचे नाव शोधायचे तर वर्गणीच्या गोधड्यांकडे वळावे लागते. तिथेही पुष्कळदा मिसेसच असते, पण सगळीकडे नाही. काही गोधड्या आता गावच्या लहान संग्रहालयांत काचेमागे आहेत. पांढऱ्या कापडावर लाल दोरा, चक्राच्या आऱ्यांसारखी मांडलेली नावे, आणि त्यांत कुठे एखादी ॲना, एखादी ओलेना, एखादी मार्गारेट. दोरा फिका झाला आहे, अक्षर अजून वाचता येते.